दोन बोटं माया

मावशी खेळात शिरली ती राक्षस होऊन, आणि तेही चुकून. भाचीने विचारलं होतं, "कोण व्हायचंय तुला? परी, धनुर्धर, वैदू?" मावशीचा चष्मा होता कपाळावर. तो डोळ्यांवर आणायच्या खटपटीत तिचं कोपर माऊसवर पडलं आणि पडद्यावर नऊ फूट उंच, हिरव्यागार कातडीचा, खालच्या जबड्यातून दोन सुळे वर आलेला गडी उभा राहिला.

"थांब, बदलते," भाची म्हणाली.

मावशीने त्याला नखशिखांत न्याहाळलं. गिऱ्हाईक दुकानात शिरलं की ती असंच बघायची. "राहू दे गं. खांदे छान आहेत. विजार तेवढी आखूड झालीये त्याला."

नाव विचारल्यावर तिने 'मावशी' असंच टाइप केलं, कारण दुकानात येणारं शेंबडं पोरही तिला तेच म्हणायचं आणि निवृत्त मुख्याध्यापकही. तेव्हापासून त्या जगात कुणी तलवार उपसून उभं असलं, समोरून नऊ फुटी राक्षस धपाधपा चालत आला आणि त्याच्या डोक्यावर 'मावशी' अशी पाटी दिसली, की तलवार आपोआप म्यानात जायची.

मावशीचं दुकान दहा बाय आठ. 'नवीन कपडे शिवून मिळणार नाहीत' अशी बाहेर पाटी. एकतीस वर्षं ती दुसऱ्यांनी शिवलेलं उसवत आली होती. आखूड लांब करायचं, सैल घट्ट करायचं, आणि लग्नानंतर सुटलेल्या पोटांची गुपितं पोटात ठेवायची. मशीनपासून टेबल तीन पावलं, टेबलापासून इस्त्री दोन. खेळात मात्र कितीही चाला, भिंत म्हणून आड येत नव्हती. बाकीचे ड्रॅगन मारायचे, मावशी चालायची. चालायच्या चार कळांवर तिने खडूने फुल्या मारल्या होत्या. हातातल्या कुऱ्हाडीने तिला अवघडल्यासारखं व्हायचं. "ही कुठे टेकवून ठेवता येते का गं? लोक उगाच दचकतात."

हा खेळ कुठल्या कंपनीचा नव्हता. हौशी लोकांनी मिळून ते जग उभं केलं होतं. एकेकाने एकेक प्रदेश करायचा आणि 'जोडारी' म्हणवणाऱ्या मंडळींनी तो शेजारच्या प्रदेशाला जोडून द्यायचा. जोडाऱ्यांचा म्होरक्या कप्तान. त्याचा चेहरा कुणी पाहिला नव्हता, पण तो लिहायचा असा, की वाचणाऱ्याने नकळत ताठ बसावं.

भाची दिवसा दातांच्या दवाखान्यात कवळ्यांचे साचे करायची आणि संध्याकाळी आपला प्रदेश. वर्षभर खपून तिने 'मिठाचं रान' केलं होतं. पांढरंशुभ्र माळरान, स्फटिकांची झाडं, आणि चारशे बारा मीठचाटे. मीठचाट्या म्हणजे सहा पायांचं, मेंढीसारखं, अत्यंत लोचट जनावर. दिसेल त्याला चाटत सुटायचं. चारशे बारांचे चेहरे वेगवेगळे, कारण दुसऱ्यांचे दात बघून बघून भाचीला दोन तोंडं सारखी काढणं जमतच नव्हतं.

सगळं झालं होतं, पण जोडणी होत नव्हती. शेजारचा प्रदेश धुकेरी, सगळा डोंगर आणि धुकं. धुकेरीतून रानात पाऊल टाकलं की माणूस थेट जगाच्या खाली. पहिल्या चाचणीत सात जण गडप झाले. दुसऱ्या वेळी एक घोडा, त्यावरचा सरदार आणि सरदाराची सकाळीच जिंकलेली ढाल. नियम असा, की तीन चाचण्यांत एक जणही पार गेला नाही तर प्रदेश फडताळात. आणि फडताळात गेलेला प्रदेश परत बाहेर आलेला कुणी पाहिला नव्हता. तिसरी चाचणी रविवारी चार ते सहा.

भाचीचं जेवणावरचं लक्ष उडालं. मावशीला ते बघवेना. गुरुवारी दुपारी दुकानाचं शटर अर्धं ओढून ती राक्षसाला घेऊन सीमेवर गेली आणि मुद्दाम खाली पडली. आधी पडलेल्या प्रत्येकाने घाबरून डोळे मिटले होते. मावशीने पडता पडता वर बघितलं. कपडा कुठे बिघडलाय ते कळायला तो उलटा करून आतून बघावा लागतो, आणि इथे तर अख्खं जगच आतून दिसत होतं!

"अगं!" तिने दवाखान्यात फोन लावला. "खालून बघून आले मी. माया सोडलेलीच नाही मेल्यांनी!"

मावशीच्या धंद्यात माया म्हणजे शिवणीच्या रेघेपलीकडे राखलेलं जास्तीचं कापड. ते आत दुमडतात, बाहेरून दिसत नाही. पण ते नसलं तर माणूस खाली बसला रे बसला की शिवण टर्रकन उसवते. इथे धुकेरीही रेघेवर कापलेली आणि रानही रेघेवर.

"माझ्या हातात एकांची कवळी आहे गं," भाची म्हणाली. "तू कप्तानला लिही ना."

मावशीने लिहिलं, "सीमेवर दोन्ही बाजूंनी दोन-दोन बोटं माया सोडा, म्हणजे कुणी पडणार नाही."

उत्तर तासाभरात आलं. "आदरणीय मावशी, सूचना अमूल्य आहे. अंमलबजावणी करतो." कुणाचं काही न ऐकणारा कप्तान चक्क ऐकतोय म्हटल्यावर भाचीने त्या रात्री दोनदा भात वाढून घेतला.

रविवारी चारला कापायच्या टेबलावर दोन लॅपटॉप, दोघी शेजारी शेजारी. सीमेवर साठेक खेळाडू जमले होते. धुकं हळूहळू विरलं. आणि समोर, जमिनीतून वर आलेली, चार मजली उंच, जांभळ्या प्रकाशात न्हालेली, नखांसकट चार बोटं उभी होती. दोन अलीकडे, दोन पलीकडे.

साठही माना वर झाल्या. मग एकाने लिहिलं, "बाकीचा हात कुठाय?"

"मावशींच्या सूचनेनुसार," कप्तानचं उत्तर आलं. "दोन्ही बाजूंनी दोन-दोन बोटं. मायेची."

त्या खेळात जादू तीन प्रकारची होती. अग्नी, जल आणि माया. बिचाऱ्याने तीन दिवस जागून बोटं घडवली होती. पेरांवरच्या सुरकुत्यांसकट.

मावशीला असं काही हसू फुटलं, की ओठात धरलेल्या टाचण्या भाचीने घाईघाईने काढून घेतल्या. पण भाची हसत नव्हती. एक धनुर्धर मोठ्या ऐटीत बोटांमधून पुढे गेला होता आणि दिसेनासा झाला होता.

"मावशी, तिसरी वेळ आहे ही," ती कशीबशी म्हणाली.

मावशीचं हसू जागच्या जागी थांबलं. तिने माईक सुरू केला. राक्षसाच्या तोंडून बाईचा आवाज आल्यावर साठ योद्धे एकदम वळले.

"अहो कप्तान, अंगात पॅन्ट आहे का आत्ता?"

पलीकडे घसा खाकरल्याचा आवाज. "आहे."

"ती काढा आणि उलटी करा."

"आत्ता?"

"नाहीतर काय फडताळात गेल्यावर?"

खुर्ची सरकली. कुठेतरी दार लागलं. सर्वांगाला चिलखत घातलेले साठ वीर एका माणसाची पॅन्ट निघायची वाट बघत निमूट उभे राहिले.

"केली," कप्तान म्हणाला. आवाजातला ताठपणा बराच उतरला होता.

"बाजूची शिवण बघा. शिवणीपलीकडे कापड आहे ना? किती आहे?"

"आहे, साधारण दोन... अरे देवा."

"हां. ती माया."

मग जी धांदल उडाली! धुकेरीवाला आपला डोंगर रेघेपलीकडे वाढवू लागला, भाची आपलं मीठ अलीकडे ओढू लागली. जगाच्या मापाने दोन बोटं म्हणजे किती? "माझ्या राक्षसाची वीस पावलं," मावशीने ठरवून टाकलं. "धुकेरी जाड आहे, ती खाली जाऊ दे. मीठ वर. आणि आधी नुसता धावदोरा घाला, पक्की टीप मी चालून आल्यावर."

"धावदोरा म्हणजे?" कप्तानने या खेपेला आधी विचारून घेतलं.

"दूर दूर खुंट्या ठोका हो!"

पावणेसहा झाले. तेवढ्यात बाहेरून कुणीतरी शटर बडवलं. "मावशी, पॅन्ट झाली का?"

"उद्या या!" मावशी ओरडली, माईकमध्येच. साठच्या साठ योद्धे दोन पावलं मागे सरले. "उद्या का?" कप्तानचा जीव टांगणीला. "तुम्हाला नाही हो! तुमची घाला तुम्ही."

आता चालायचं मावशीने, कारण सगळ्यांत वजनदार तीच. खडूची फुली दाबली. राक्षस बोटांमधून निघाला. दहाव्या पावलाला जमीन किंचित ताणली गेली, एक चुणी उठली. भाचीने मावशीचा दंड घट्ट धरला. चुणी आपसूक बसली. अकरा. पंधरा. एकविसाव्या पावलाला पायाखाली करकर वाजलं, मिठासारखं.

"पोचले गं!"

वर्षभरात भाचीशिवाय कुणी न पाहिलेले चारशे बारा मीठचाटे चौफेर उधळत आले आणि राक्षसाला घोट्यांपासून चाटू लागले. मागून साठ जण आरडाओरडा करत घुसले, त्यांनाही चाटणं सुरू झालं. सरदार तर चिलखत काढून उभा राहिला. भाची टेबलावर डोकं ठेवून हसत होती की रडत होती, ते तिचं तिलाही ठरवता येईना.

कप्तानने पक्की टीप घातली आणि नम्रपणे विचारलं, "बोटं काढून टाकू का?" एकसाथ साठ 'नको' आले. दोघा-तिघांनी तर अंगठाही हवा म्हणून हट्ट धरला.

मावशी मात्र चाटणाऱ्यांना बाजूला सारत पुढे निघाली होती. रान ओलांडलं, स्फटिकांची झाडं मागे पडली, आणि पांढऱ्या मिठाचा शेवट आला. पुढे नुसतं करडं काहीतरी.

"इथून पुढे काय आहे हो?"

"अजून काहीच नाही, मावशी," कप्तान म्हणाला. "तिथला प्रदेश पुढच्या महिन्यात बेततोय."

"मग कात्री लावायच्या आधी मला विचारा," मावशी म्हणाली, आणि काठाकाठाने चालू लागली.