जुन्या राउटरचा पासवर्ड

सगळी गल्ली त्यांना सिग्नलमामा म्हणायची. घरोघरी वायफाय बसवून देणं हा त्यांचा धंदा, आणि त्याबरोबर फुकटचं प्रवचन ठरलेलं: राउटर जमिनीवर ठेवू नका, लोखंडी कपाटाआड लपवू नका, घराच्या मध्यावर उंच जागी टांगा. लोक माना डोलवायचे आणि मामांची पाठ वळली की राउटर पुन्हा टीव्हीमागे कोंबायचे. मामा चिडायचे, पण त्यावरच तर त्यांचं पोट चालायचं.

कामाची त्यांची एक रीत होती. आधी जुन्या राउटरच्या भोकात टाचणी घालून दहा सेकंद दाबायची, म्हणजे नाव, पासवर्ड, सगळं साफ. मग घरातल्या फोनमधूनही जुनं नेटवर्क काढून टाकायचं. "जुनं घोळ घालतं," म्हणायचे. कुणाला विचारायच्या भानगडीत ते पडत नसत.

शिवणकाम करणाऱ्या ताईंकडे ते दुपारी गेले. तक्रार नेहमीचीच, मागच्या खोलीत वायफाय धड पोचत नाही.

"तिथं कोण बसतं?"

"मुलाची खोली आहे," ताई म्हणाल्या. "त्याला मेसेज उशिरा जातात हो."

मामांनी नवा राउटर पॅसेजमध्ये उंचावर टांगला. जुना मागच्या खोलीत ठेवायचा आणि सिग्नल पुढे न्यायच्या कामाला जुंपायचा, असा बेत. टाचणी काढली, दाबली. ताईंच्या फोनमधलं जुनं नेटवर्कही काढलं. मग जुना राउटर घेऊन ते मागच्या खोलीत शिरले.

आत कुणी नव्हतं. पलंगावरची चादर ताणून घातलेली, खुर्चीच्या पाठीवर शर्ट, टेबलावर एक फोन चार्जिंगला लावलेला.

"मुलगा कधी येईल? त्याच्या फोनमध्ये नवा पासवर्ड टाकायचाय."

"तो फोन उघडत नाही," ताई दारातूनच म्हणाल्या. "लॉक त्यालाच ठाऊक होतं. तीन वर्षं झाली त्याला जाऊन."

मामांनी हातातल्या जुन्या राउटरकडे पाहिलं.

ताई शांतपणे सांगत राहिल्या. सिम केव्हाच बंद पडलं होतं, फोन नुसत्या वायफायवर जिवंत होता. त्या रोज त्याला एक मेसेज पाठवायच्या. जेवले. भाजी आणली. गुडघा दुखतोय. मेसेजपुढे दोन टिक आल्या की तो पोचला.

"वेडेपणा आहे, मला कळतं. पण पोचतो ना!"

"जुना पासवर्ड काय होता, ताई?" मामांनी विचारलं. उत्तर काय येणार याची धास्ती त्यांना आधीच बसली होती.

"त्यानंच ठेवलेला. फोन आपोआप जोडायचा, मी कधी विचारलंच नाही."

नव्या राउटरला जुनंच नाव आणि जुनाच पासवर्ड दिला, की जुने फोन स्वतःहून जोडले जातात. हे मामा नवशिक्यांना मोठ्या ऐटीत शिकवायचे. नाव ताईंना पाठ होतं. पासवर्ड मामांनी स्वतःच्या हातानं पुसला होता.

ते जमिनीवर बसले. मुलाची जन्मतारीख टाकली, राउटर बंद करून चालू केला, टेबलावरच्या फोनकडे पाहिलं. नाही. शाळेचं नाव, गाडीचा नंबर, वडिलांचं नाव, ताईंचं माहेरचं नाव. प्रत्येक वेळी दोघं श्वास रोखून त्या काळ्या काचेकडे बघायची. सोळा पासवर्ड झाले, सतरा झाले. पासवर्ड ठाऊक असलेलं कुणीतरी पलंगावर बसून आपली धडपड बघतंय आणि सांगत नाही, असं मामांना वाटायला लागलं. पलंगाकडे पाठ करायचं धाडस काही त्यांना होईना.

ताईंनी आपल्या मोबाईलच्या नेटवरून मेसेज पाठवला, 'मामा आलेत.' टिक एकच आली. ती एकच राहिली.

"मी उद्या येतो, परवा येतो," मामा म्हणाले. "ताई, माझ्या हातून हे..."

ताईंनी चार्जर काढला. फोन हातात घेऊन पदरानं पुसला.

"राहू द्या आता. तीन वर्षं उगाच तापत होता बिचारा." वायर गुंडाळता गुंडाळता त्या थांबल्या. "नवा पासवर्ड काय ठेवताय?"

"तुम्ही सांगाल तो."

"माझ्या लक्षात राहील असा ठेवा. मी विसरले तर सांगायला घरात कुणी नाही."