इंग्रजीच्या तासाला मराठी बंद

खडूची पेटी महिन्यात संपायची, पण स्टाफरूममधले किस्से काही संपायचे नाहीत! मी मिरजगावकडं गणित शिकवायचो, तेव्हाचे हे. एकाहत्तर-बहात्तरचा सुमार. पाचवीला इंग्रजीचं नवं पुस्तक आलं होतं.

भाषांतर बाद, व्याकरणाचे नियम बाद! मास्तरांनी कृती करायची आणि तेच वाक्य इंग्रजीत बोलायचं. आमचे शेळके सर वीस वर्षं भाषांतर शिकवून मुरलेले. गाव त्यांना 'इंग्लिश मास्तर' म्हणायचं, तीच त्यांची इभ्रत. नगरच्या ट्रेनिंगमध्ये त्यांना साफ सांगितलं, "इन्स्पेक्शनला तुमच्या तोंडून मराठी ऐकू आली, तर इंग्रजी काढून चित्रकला देऊ!" सरांनी धसकाच घेतला.

*

पहिल्याच आठवड्यात एका मुलीचे वडील पुस्तक घेऊन आले.

"धिस इज अ कप! आवो सर, कप तर आमच्या घरी बी हाय. त्यासाठी साळंत कशाला धाडायचं?"

*

सर वर्गातून दाराकडं येताना हेडमास्तरांनी तिसऱ्यांदा पाहिलं.

"शेळके, तास संपायचाय अजून. निघालात कुठं?"

तास चालू, मराठी बंद! सर म्हणाले, "आय ॲम गोइंग टु द डोअर!"

"जा, पण परत या!"

*

पुढचा धडा खिडकीचा. पाचवीचा वर्ग पत्र्याच्या शेडमध्ये, तिथं खिडकी कुठली! सरांनी सुताराकडून जुनी खिडकी आणून आतून ठोकली. उघडली की मागं पत्राच. पोरं रोज उघडायची, "आय ॲम ओपनिंग द विंडो!" मला खरं तर सरांची दया यायची.

*

मग इन्स्पेक्शन. साहेब वर्गात खुर्चीवर बसलेले, मी दारात उभा. शेळके सर फळ्यापाशी.

पुढं बसलेली सखू एकदम उठली. साहेबांच्या पायाकडं बोट करून म्हणाली, "सर, इट इज अंडर द चेअर!"

साहेब खूश. "व्हेरी गुड! व्हॉट इज अंडर द चेअर?"

सखू अडली. तो शब्द पुस्तकात नव्हता.

"इट इज... इट इज ऑन युवर शू!"

"एक्सलंट!" म्हणत साहेबांनी खाली पाहिलं. बुटावर विंचू!

"अगं आई गं! मेलो! मारा, मारा त्याला!" साहेब एका उडीत टेबलावर.

शेळके सरांनी चपलेनं विंचू मारला. घाम पुसला. मग वर्गाकडं वळून शांतपणे विचारलं, "व्हेअर इज द साहेब?"

सगळा वर्ग एका सुरात ओरडला,

"ही इज ऑन द टेबल!"