बिनआकड्याचा दगड

सुकत घातलेल्या बोंबलांचा वास आला की मला वसईचा किनारा आठवतो. किल्ल्याजवळचा जुना धूपप्रतिबंधक बंधारा काढून नवा बांधायचा होता आणि मी तिथे नवखा सुपरवायझर होतो. जुन्या बंधाऱ्यात किल्ल्याचे कोरीव दगड सापडत होते. ते भरावात न टाकता बाजूला जपून ठेवायचे होते, म्हणून मी त्यांच्यावर पांढऱ्या रंगाने आकडे घालत होतो. एका दुपारी एक म्हातारी कोळीण आली आणि एका साध्या काळ्या दगडावर हात ठेवून म्हणाली, "पोरा, याच्यावर पन आकडा घाल. माजा दादला इथं बसून जाली शिवायचा. दर्यात गेला तो परत नाय आला. माती द्यायला पन गावला नाय." दगडावर कोरीव काम नव्हतं. "उद्या साहेबांना विचारतो," मी म्हणालो. दुसऱ्या दिवशी मी पोचेपर्यंत मशीनने तो दगड नव्या भरावात ढकललेला होता. ती आली. "कुठं टाकला रे?" तिने विचारलं. मला नेमकी जागा दाखवता येईना. ती भांडली नाही. भरावापाशी वाळूत बसली आणि भरती पायाशी येईपर्यंत उठली नाही. तेवढा एक आकडा घालायला मला कोणालाच विचारावं लागलं नसतं, हे तिने दगड दाखवला त्या दुपारीही मला ठाऊक होतं.