काच वाढली

धोंडीबा कासाराने उभ्या आयुष्यात हजारभर काचा बसवल्या असतील, पण काच फुटली असं त्याच्या तोंडून कुणी ऐकलं नव्हतं. खिडकीवर चेंडू बसो, लॉरीच्या काचेवर दगड उडो, धोंडीबा म्हणायचा, काच वाढली.

त्याचा बाप चाकणच्या बाजारात आणि आसपासच्या गावांत बांगड्या भरायचा. बांगडीवाल्याच्या घरात तो दुसरा शब्द चुलीपाशीसुद्धा चालत नाही. नारळ वाढवतात, दुकान वाढवतात, तशी बांगडी वाढते. धोंडीबा चौदा वर्षांचा असताना एका गावात नव्या नवरीच्या हातात बांगडी चढवत होता. ती तडकली आणि पोरगा पटकन बोलून गेला, "फुटली." आठ दिवसांत तिचा नवरा बैलगाडीवरून पडला. पाय मोडला, एवढंच. तो माणूस अजून धडधाकट होता, चाकणला त्याची कांद्याची आडत होती. पण त्या गावातल्या एकाही बाईने पुन्हा त्यांच्याकडे हात पुढे केला नाही, आणि बातमी ऐकून शेजारच्या दोन गावांनीही नाही. बापाने पोराला मारलं नाही. फक्त दुसऱ्या दिवशी पेटी उचलली आणि उलट्या दिशेची गावं धरली. तिकडे चालणं दुप्पट होतं.

तेव्हापासून धोंडीबाचा अपशकुनावर विश्वास असो-नसो, गिऱ्हाइकाच्या विश्वासावर पक्का विश्वास होता.

पुढे माळरानावर कारखाने आले. कारखान्यांमागून कॉलन्या आल्या, कॉलन्यांना खिडक्या आल्या. बाप गेल्यावर धोंडीबाने बांगड्यांची पेटी माळ्यावर ठेवली, काच कापायची हिऱ्याची कलम घेतली आणि चिंचवड स्टेशनजवळ पत्र्याची शेड टाकली. आधी खिडक्या, मग मोटारी. अँबॅसडरची काच तर तो माप न घेता सांगायचा, आणि सांगून झाल्यावर माप घ्यायचा.

चौऱ्याहत्तर सालच्या मार्च महिन्यात एका मंगळवारी दुपारी माळावरच्या एका कंपनीची काळी अँबॅसडर शेडपुढे थांबली. भीमराज ड्रायव्हर उतरला. पस्तिशीतला माणूस, बाप औषधांच्या कारखान्यात हमाल होता, हा ड्रायव्हर झाला होता. खाकी शर्टाची वरची गुंडी तो कधी उघडी ठेवत नसे. आज उघडी होती.

गाडीच्या मागच्या डाव्या दारात काच नव्हती. सीटवर खडीसाखरेसारखे काचेचे दाणे पसरले होते.

"कधी वाढली?" धोंडीबाने विचारलं.

"पोस्टात होतो, मामा. कंपनीची रजिस्टर पत्रं द्यायची होती. रांगेत वीस मिनिटं गेली. काचा वर, चारी दारं बंद, चावी ह्या खिशात. येऊन बघतो तर हे. मागं मापाच्या हत्यारांची पेटी होती, मायक्रोमीटर, गेज, सगळी. तपासून आणायला पुण्याला चालली होती. पेटी गेली."

"चोरानं मायक्रोमीटर काय करायचा?"

"त्याला वाटलं असंल, पगार हाय."

उद्या सकाळी मद्रासहून पाहुणे येणार होते, तेव्हा काच आजच बसवून आण, असं भीमराजला ट्रान्स्पोर्टच्या फोरमनने सांगितलं होतं. पोलीस येऊन वही भरून गेले होते. गाडीकडे त्यांनी लांबूनच पाहिलं होतं.

धोंडीबाने दाराचं हँडल काढलं, आतलं कव्हर सोडवलं. दाराच्या पोकळीत पडलेले दाणे हात घालून काढले. गाडीच्या मूळ बनावटीची काच मुंबईहून यायला महिना लागतो, म्हणून त्याने साधी जाड काच कापायची ठरवलं. पुठ्ठा घेऊन तो उजव्या दाराकडे गेला, तिथल्या काचेची आकृती उतरवली आणि पुठ्ठा उलटा केला.

"ही झाली डावी," तो म्हणाला. हे तो प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायचा. त्याच्या धंद्यातली ही एकच गोष्ट त्याला स्वतःला सुचलेली होती.

धोंडीबा पाण्याच्या धारेखाली दगडावर कडा घासत असताना भीमराज म्हणाला, "मामा, चौकशी लागणार. काच खाली ठेवून गेलो असं ठरलं तर निष्काळजीपणा. मग घरी."

"आरं, पण काच तर वाढलीया. आंधळ्यालाबी दिसंल."

"आता कुठं दिसतीय? तुम्ही नवी बसवताय."

धोंडीबाने काच बाजूला ठेवली. मग त्याने सीटवरचे दाणे झाडून डालड्याच्या डब्यात भरले. ते तो नेहमीच भरायचा. रस्त्यावर काच टाकली तर पोराबाळांच्या पायात जाते. या वेळी डब्याला झाकण लावलं, एवढाच फरक.

दिवस मावळायच्या आत काच बसली. हँडल फिरवलं की निम्म्यात जरा अडायची आणि मग वर जायची. धोंडीबा म्हणाला, आठ दिवसांत सवय होईल. सवय कुणाला होईल, काचेला की भीमराजला, ते त्याने सांगितलं नाही. कंपनीच्या छापील कागदावर 'काम का करावे लागले' असा रकाना होता. चौथी पास धोंडीबाने वळणदार अक्षरात लिहिलं: 'मागील डावी काच वाढली, सबब नवी बसविली.' खाली सही केली.

तो कागद फॅक्टरीत गेला. तिथे मराठी कागद इंग्रजीत करायला एक कारकून होता. भाषांतराची परीक्षा तो पहिल्या फटक्यात पास झाला होता आणि आपलं काम शब्दांचं आहे, अर्थाचं नाही, असं मानून चालायचा. त्याने टाइप केलं की मागील डावी काच आकाराने वाढल्यामुळे बदलावी लागली.

चौकशी कुरियन साहेबांकडे होती. साहेब केरळचे, कर्मचारी विभागाचे प्रमुख. माणूस न्यायी होता आणि प्रत्येक कागद वाचायचा. ही गोष्ट भीमराजच्या आड आली. त्यांनी एका तरुण इंजिनिअरला बोलावून विचारलं, काच वाढू शकते का. इंजिनिअर नवा होता, प्रश्न साहेबांचा होता. त्याने हिशेब करून सांगितलं की कडक उन्हात साधारण एक-दोन केसांच्या जाडीइतकी वाढते. पण तेवढ्यासाठी ती बदलत नाहीत.

तेव्हा साहेबांची टायपिस्ट प्रभावती मध्ये पडली. तिचं लग्न होऊन आठ महिने झाले होते, नवरा आकुर्डीच्या स्कूटरच्या कारखान्यात. मनगटात हिरव्या बांगड्या होत्या आणि टाइप करताना त्या वाजायच्या. ती इंग्रजीत म्हणाली, "सर, वाढली म्हणजे तुटली. नवीन मशीन आलं की आपण त्याच्यापुढे नारळ वाढवतो ना, तसं."

साहेबांनी विचार केला. "नारळ आपण आपल्या हाताने तोडतो," ते म्हणाले. "मुद्दाम. मग काच पण कुणीतरी मुद्दाम तोडली? ड्रायव्हरने?"

प्रभावतीला वाटलं, गप्प बसले असते तर बरं झालं असतं.

"आणि तुटली यासाठी तुमच्याकडे सरळ शब्द आहे की नाही?"

"आहे, सर."

"मग त्याने तो टाळला. माणूस सरळ शब्द केव्हा टाळतो?"

भीमराजला गाडीवरून उतरवलं आणि शनिवारी धोंडीबाला बोलावणं गेलं.

शुक्रवारी संध्याकाळी भीमराज शेडवर आला. आल्या आल्या तो घासायच्या दगडावर बसला.

"मामा, उद्या एकच शब्द म्हणायचाय."

"ठाऊक हाय."

"आमी शकुन-अपशकुन छप्पन सालीच सोडून दिले. बाप म्हणायचा, सगळ्यात हलकं ओझं तेच होतं, टाकलं तेव्हा कळलं."

"तुझं बरं हाय. तुमी सगळ्यांनी मिळून टाकलं. मी एकट्यानं टाकलं तर लोक म्हणतील, कासार बिघडला."

"तुम्ही आता कुठं बांगड्या भरता?"

माळ्यावरची पेटी धोंडीबा दर दिवाळीला पुसत असे. "म्हनंन," तो म्हणाला. "तू घरी जा. तुझ्या बायकोला, कस्तुराला सांग, म्हनंन म्हणाला."

शनिवारी धोंडीबा धुतलेला सदरा घालून, डालड्याचा डबा घेऊन साहेबांच्या खोलीत उभा राहिला. भीमराज भिंतीला टेकून होता. कोपऱ्यात मराठी टाइपरायटरवर कागद चढवून प्रभावती बसली होती.

धोंडीबाने डबा टेबलावर ठेवला. साहेबांनी आत पाहिलं. "ये किसी का भी काच हो सकता है," ते म्हणाले, आणि तेही खरंच होतं. "तुम बोलो. काच को क्या हुआ?"

धोंडीबाने तोंड उघडलं. तेवढ्यात प्रभावतीने कागद सरळ केला आणि बांगड्या किणकिणल्या. त्याने तिकडे पाहिलं. हिरव्या, बारीक, नव्या.

"वाढली, साहेब."

भीमराजने डोळे मिटले.

"फिर वही," साहेब म्हणाले. "देखो, इस आदमी की नौकरी का सवाल है. सच बोलो."

"टूट गया, साब," धोंडीबा एकदम म्हणाला. "बाहर से पत्थर मारा. पूरा टूट गया. सब काच अंदर सीट पे था." हिंदीत त्याला काहीच अडचण नव्हती. हिंदीत त्याच्या बापाने कधी बांगड्या विकल्या नव्हत्या.

साहेबांचा चेहरा जरा सैलावला. मग त्यांनी समोरचा छापील कागद पुन्हा वाचला. "जबाब गवाह की मातृभाषा में होना चाहिए," ते म्हणाले. नियम त्यांनी केला नव्हता, पण मोडणारेही ते नव्हते. "मराठी में बोलो. बाई टाइप करेगी."

पंख्याखाली डब्याचं झाकण कुरकुर वाजत होतं. धोंडीबाने ते दाबून बसवलं आणि तो प्रभावतीकडे वळला.

"बाई, तुमी जरा भाईर जाता का?"

कुरियन साहेबांनी मान वर केली. इतक्या वर्षांच्या नोकरीत साक्षीदाराने टायपिस्टला बाहेर जायला सांगितलेलं त्यांनी पाहिलं नव्हतं. "क्यों? गंदा शब्द है?"

"न्हाई साहेब, शब्द चांगला हाय. बाईंच्या हातात बांगड्या हाईत."

साहेबांना काही कळलं नाही. प्रभावतीला सगळं कळलं.

"काका, मी बाहेर गेले तर टाइप कोण करणार?" ती म्हणाली. मग तिने दोन्ही हात उचलले, मनगटं पदरात गुंडाळली आणि टेबलाखाली मांडीवर ठेवली. "बोला तुम्ही. बांगड्यांना ऐकू जात नाही."

धोंडीबाने साहेबांकडे नाही, भीमराजकडे नाही, डब्याकडे पाहिलं.

"फुटली," तो म्हणाला.

"जोर से."

"फुटली, साहेब. मागची डावी काच भाईरून दगड मारून फोडली. काच वर होती. खाली असती तर दाराच्या पोटात अख्खी राहिली असती. दाणे सीटवर हुते, आन् दाराच्या आत हुते. मी माझ्या हातानं काढले." मग, एकदा बोललोच आहे तर पुरं करावं अशा हिशेबाने तो म्हणाला, "पार फुटली."

प्रभावतीने पदरातून हात सोडवले आणि टाइप केलं. मग नियमाप्रमाणे जबाब साक्षीदाराला वाचून दाखवायचा होता. ती उभी राहिली आणि वाचू लागली: "मागची डावी काच बाहेरून दगड मारून वाढवली. काच वर होती..."

"वाढवली?" कुरियन साहेब म्हणाले. एवढं मराठी आता त्यांना पाठ झालं होतं.

"कागदावर बरोबर आहे, सर," प्रभावती म्हणाली आणि इंग्रजीत खात्री दिली की कागदावर ती तुटलेलीच आहे. "वाचताना तेवढी वाढली."

साहेबांनी तिच्याकडे पाहिलं, धोंडीबाकडे पाहिलं, पेनाचं टोपण काढलं आणि सही केली.

भीमराजला सोमवारी गाडी परत मिळाली. यापुढे गाडी पोस्टाच्या दारासमोर, दिसेल अशीच लावावी, अशी लेखी समजही मिळाली. पोस्टाच्या दारासमोर गाडी लावायला मनाई होती, पण ती दुसऱ्या खात्याची.

त्याच सोमवारी पाचच्या भोंग्याला धोंडीबा कंपनीच्या गेटबाहेर बसला होता. पुढ्यात बापाची पेटी. प्रभावती बाहेर आली तशी तो म्हणाला, "हात द्या, बाई." तिने काही न विचारता समोर बसून हात पुढे केला. त्याची बोटं काच कापून राठ झाली होती, तरी बांगडी सरकन गेली. दोन्ही हातांत त्याने एकेक जास्तीची हिरवी बांगडी चढवली.

"किती झाले?"

"काही न्हाई. वाढल्या की सांगा."

प्रभावतीने खाली वाकून नमस्कार केला, बांगड्या भरणाऱ्याला करतात तसा, आणि बसच्या रांगेत गेली. रांगेतल्या दोन बायकांनी तिचे हात पाहिले आणि मागे वळून पेटीकडे पाहिलं.

काळी अँबॅसडर गेटातून बाहेर येऊन थांबली. भीमराजने मागे ओणवं होऊन मागच्या डाव्या दाराची काच खाली केली. ती निम्म्यात अडली, मग गेली.

"काय मामा, शनिवारी शब्द टाकला आन् आज पेटी काढली?"

"तुझ्यामुळं काढली. गाडी पुढं घे, गिऱ्हाइकं येत्यात."

भीमराजने गाडी पुढे घेतली नाही. उतरला, पेटीपाशी उकिडवा बसला आणि दोऱ्याने बांधलेले बांगड्यांचे तोडे वर-खाली करून बघू लागला. शर्टाची वरची गुंडी लावलेली होती.

"सव्वादोनच्या मापाच्या डझनभर द्या," तो खाली बघतच म्हणाला. "कस्तुरानं आठवडाभर भांडी जरा जोरातच घासली. दोन वाढल्या."