लूडीच्या टाचेचं गाणं

माझी थोरली बहीण लूडी रॉकॅबिली गायची, म्हणजे गावरान गाणी नाचऱ्या, धडधडत्या ठेक्यात. ते नाव तेव्हा आम्हाला ठाऊक नव्हतं. आमचे पाद्री ब्रदर यार्ब्रो त्याला सैतानाचा धिंगाणा म्हणत.

आर्कान्सातल्या आमच्या चर्चमध्ये वाद्याला बंदी. नुसता गळा, आणि ताल धरायला लाकडी जमिनीवर टाच. लूडीची टाच सगळ्यांत भारी. तीच टाच नाचघरातही आपटते हे कळलं आणि यार्ब्रोंचं पित्त खवळलं. स्वतः वजन वाढावं म्हणून कापसावर पाणी मारून काट्यावर घालत, पण ते पाप वाजत नसल्यामुळे कुणाला ऐकू येत नसे.

छप्पन्न साली, शनिवारच्या सभेत त्यांनी तिला उभं केलं.

"म्हण, चुकले. पुन्हा गाणार नाही."

"ब्रदर यार्ब्रो, तुमचा धाकटा भाऊ तिथंच टेबलाखाली पडलेला असतो. त्याला कधी उभं करताय?"

"तो पुरुष आहे."

"टेबलाखाली ओळखू येत नाही हो!"

मागच्या बाकावर कुणीतरी फिसकन हसलं. मग तिला चर्चमधून काढायचं का, यावर मतं घेतली. एकेक करत सगळे हात वर. आईचासुद्धा. सगळ्यांत शेवटी, पण गेला. लूडी तेवढ्याच हाताकडे बघत होती. आईशेजारची बाकावरची जागा, एवढंच तिला हवं होतं.

सोमवारी मेम्फिसच्या मिस्टर केल्सो नावाच्या रेकॉर्डवाल्यानं तिला त्याच्या स्टुडिओत बोलावलं होतं. तिचंच गाणं, पण त्याला ते संथ आणि रडवेलं हवं. दोनदा गायली, दोनदा गाणं मढं.

"राहू दे पोरी. हे मी एखाद्या पुरुषाला देतो."

तीन दिवसांत तोच शब्द दुसऱ्यांदा! लूडी गिटारवाल्यावर खेकसली, "दुप्पट वेगानं वाजव!" आणि टाच हाणली. जमीन दणाणली.

केल्सो काचेमागून धावत आला. "ढोल कोण वाजवतंय?"

"ढोल नाही. चर्चमधली टाच आहे."

"अरे, फळी आणा कुणीतरी!"

फळी पायाखाली, एक माईक पायाशी. एका दमात रेकॉर्ड झाली. कापूस वेचायला आला तोवर पेट्रोल पंपापासून जिनिंगपर्यंत लूडीच वाजत होती.

मग यार्ब्रो टोपी हातात घेऊन आमच्या ओसरीवर. आता बोलण्यात कसा मध! "नुसतं 'चुकले' म्हण, लूडी. जागा रिकामीच आहे."

लूडी त्यांच्याकडे बघेचना. "आई, तुझा हात चुकला असं तू म्हण. रविवारी येते."

आई शेंगा सोलत राहिली. टोपली संपली तरी सालं चिवडत राहिली.

लूडी चर्चपाशी पुन्हा आली ती आईच्या मौतीला. आत नाही, बाहेर तिच्या गाडीपाशी उभी. आम्ही गायला लागलो तशी चर्चच्या पायरीवरून तिची टाच ऐकू आली. यार्ब्रो गायचे थांबले. मी नाही थांबले.

यार्ब्रोंना अजून शिव्या घालते मी, अगदी पोटभर. पण त्या शनिवारी वर गेलेल्या हातांत माझाही एक होता. शिव्या संपल्या की तो समोर येतो.