सुतळीच्या मापाचा पलंग

“सर, ये पिनकोड हमारे सिस्टम में नहीं आ रहा है,” फोनवरची मुलगी पुन्हा म्हणाली.

“मॅडम, गाव है. पक्का है. बस भी जाती है,” मी म्हणालो. माझं हिंदी हे असं. नांदेडपर्यंत चालतं, पुढं धाप लागते. आणि ही मुलगी तर जयपूरहून बोलत होती.

शेजारी प्लास्टिकच्या खुर्चीवर सुनंदा शिस्टर बसल्या होत्या. त्या आरोग्य उपकेंद्रात नर्स. सेनगाव तालुक्यातल्या साखऱ्याच्या. हातात सुतळीचा तुकडा आणि त्याला एका ठिकाणी गाठ मारलेली. माझ्या तोंडाकडं बघून त्यांना सगळं कळलं असावं.

“साखरा त्यांच्या नकाशात न्हाई म्हणतेत का?”

“तसंच काहीसं.”

“मंग तुमच्या बोर्डावर ‘सर्व’ काहून लिव्हलंय भाऊ?”

बोर्डाचं सांगायला हवं. दोन हजारचं दशक सरत आलं होतं, तेव्हाची ही गोष्ट. हिंगोलीत बसस्टँडसमोर माझं नेट कॅफे होतं. चार कॉम्प्युटर, एक प्रिंटर आणि लाइट गेली की दम टाकणारा एक इन्व्हर्टर. बारावीचा निकाल, पोलीस भरतीचे फॉर्म, रेल्वेचं तिकीट, एवढीच काय ती कामं. पेंटर बोर्ड रंगवत होता तेव्हा ‘ऑनलाइन कामे केली जातील’च्या आधी जागा उरली. तो म्हणाला, “‘सर्व’ टाकू का, बराबर भरून येईल.” मी म्हणालो, टाक. त्या शब्दाचा हिशेब मागायला कुणी आलं नव्हतं. शिस्टर आल्या.

त्यांचं काम वरून साधं होतं. गावात नवं घर बांधलं होतं, दोन खोल्या आणि स्लॅब. त्यात सासऱ्यांसाठी पलंग घ्यायचा होता. हिंगोलीतल्या दुकानांतून त्या फिरून आल्या होत्या. सगळीकडं बॉक्स बेड. म्हणजे खाली पेटी, वर फळी, उशाशी आरसा. ते गादीसकट भलतेच उंच होतात. वास्तुशांतीच्या आधी जमणार नाही, लग्नसराई आहे, असं सुतारानं सांगितलं होतं. सागवानाचा भाव ऐकून शिस्टर स्वतःच उठून आल्या होत्या. मग त्यांच्या डॉक्टर मॅडमनी सांगितलं की आजकाल फर्निचर नेटवर मिळतं, स्वस्त आणि चांगलं.

“पण घाई काय एवढी?” मी विचारलं.

शिस्टरनी सुतळी मांडीवर ठेवली. “मामांचे गुडघे गेले भाऊ. जिंदगीभर मेंढरामागं चालले, भुईवर निजले. आता निजतेत, पण उठता येत न्हाई. सकाळी दोघांनी धरून उठवावं लागतं. दिवाळी झाली की आमचे मालक मेंढरं घेऊन जातेत लांब. माझी ड्युटी कवाबी. मंग मामा तसेच पडून राहतेत, कोणी येईपर्यंत.” सुतळीची गाठ चाचपत म्हणाल्या, “संध्याकाळपासून पाणी पिणं सोडलंय त्यांनी. राती उठायला लागू नये म्हणून.”

मी सुतळी उचलून बघितली आणि ही कशाला ते विचारलं.  

आता सुतळीचं. साखऱ्याच्या मारुतीच्या देवळापुढं दगडी ओटा आहे. म्हातारा रोज तिथं जाऊन बसायचा. आणि तिथून मात्र तो कुणाचा हात न धरता उठायचा. शिस्टरनी हे दुरून बघून ठेवलं. मग एके दिवशी जाऊन ओट्याची उंची सुतळीनं मापली आणि गाठ मारली. पलंग त्या गाठीएवढा हवा होता. वर नाही, खाली नाही. उंच असला तर पाय लोंबकळणार, बुटका असला तर उठणं तेच.

मी जयपूरच्या एका फर्निचर कंपनीची साइट उघडली आणि कॉम्प्युटर वळवून त्यांना फोटो दाखवले. एक पलंग त्यांच्या मनात भरला. साधा, सरळ पायांचा, गर्द तपकिरी. मी ऐटीत मापं वाचली. लांबी, रुंदी आणि ‘एच’ म्हणजे उंची, छत्तीस इंच.

शिस्टर दचकल्या. “छत्तीस? मामाला शिडी लागंल!”

मीही चरकलो. पुढचा पलंग काढला, तोही पस्तीस. त्यापुढचा चाळीस. अर्धा तास आम्ही उंच उंच पलंग बघत बसलो. माझी खात्री झाली की राजस्थानातली माणसं उंच असतात. शेवटी शिस्टरच स्क्रीनजवळ आल्या.

“भाऊ, हा आकडा उशाकडच्या फळीचा तर न्हाई? भिंतीला टेकते ती?”

तो त्या फळीचाच होता. धंद्यात तिला हेडबोर्ड म्हणतात. कंपनी उंची लिहिते ती त्या फळीच्या टोकापर्यंतची. माणूस बसतो ती उंची कुठंच लिहिलेली नव्हती. म्हणून मी फोन लावला होता, आणि त्या फोनवर पिनकोडच आडवा आला.

“मॅडम, पिनकोड छोडो,” मी म्हणालो. “पहले ये बताओ, जमीन से जहाँ आदमी बैठता है, वहाँ तक कितना?”

पलीकडं कीबोर्ड खडखडला. मग ती मुलगी म्हणाली, “सर, ये तो आज तक किसी ने पूछा ही नहीं.” ती आम्हाला होल्डवर ठेवून गेली. फोनमध्ये सनई वाजत राहिली. गोदामात कुणाला तरी पाठवून तिनं खरंच माप घ्यायला लावलं. “चौदह इंच, सर. बिना गद्दे के.”

मी पट्टी काढून सुतळी मोजली. गाठ सतरावर होती. “तीन इंच कमी पडतात,” मी निराश होऊन म्हणालो.

“न्हाई, बराबर हाये,” शिस्टर म्हणाल्या. “वर गादी येती की. आमच्या मालकाला गादीवर बसवून मापलं मी. तीन इंच राहती दबून. ते मामांपेक्षा जड हाईत, तेवढी बोटभर सूट धरली.”

नवऱ्याचा असा उपयोग केलेला मी पहिल्यांदाच ऐकला. घरी सांगितलं नाही. उगाच कल्पना द्यायला नको.

“आणखी विचारा,” शिस्टर म्हणाल्या, “लाकूड भरीव हाये का भुसा दाबलेला? आमच्या उपकेंद्रात सरकारी टेबल आलं होतं. एका पावसाळ्यात पाव फुगावा तसं फुगलं.”

दाबलेल्या भुशाच्या फळीला एमडीएफ म्हणतात. वरून कागद किंवा लाकडाचा पातळ पापुद्रा चिकटवला की फोटोत ती सागवानासारखी दिसते. मी विचारलं. मुलगी म्हणाली, भरीव शिसम. शिस्टरनी तेही लेखी मागितलं. तिनं ई-मेल केला, मी प्रिंट काढून दिली. तासाभरात त्या जयपूरच्या मुलीचा सूर बदलला होता. आधी मला ‘सर, सर’ करत होती. आता म्हणाली, “सर, आप मॅडम से पूछिए ना.” म्हणजे गिऱ्हाईक कोण आणि हमाल कोण, ते तिला जयपुरातून दिसलं.

एवढं होऊन भाव बॉक्स बेडपेक्षा कमीच निघाला. पण साखरा त्यांच्यासाठी ‘नॉन-सर्व्हिसेबल’. म्हणजे त्या पिनकोडला त्यांची गाडी जात नाही. हिंगोलीही तसंच. माल फक्त नांदेडच्या ट्रान्सपोर्ट गोदामापर्यंत येणार, पुढचं आपलं आपण. मी म्हणालो, मग राहू द्या. शिस्टर म्हणाल्या, “हळदीचा टेम्पो हाये की.” सेनगाव तालुक्यातल्याच गोरेगावचा एक टेम्पोवाला त्यांच्या ओळखीचा होता. हळद घेऊन वसमतच्या मोंढ्यात, म्हणजे घाऊक बाजारात, जायचा आणि रिकामा परतायचा. वाकडी वाट करून नांदेडला जायला तो तयार झाला.

वास्तुशांतीच्या आदल्या दिवशी सकाळी साखऱ्याहून त्याचा फोन आला. “भाऊ, पलंग न्हाई आला. फळ्या आल्यात.”

 मी बायकोला दुकानावर बसवलं आणि जीपनं साखरा गाठलं. शिस्टरच्या दारात गर्दी जमली होती. खोक्यांना टेम्पोतली हळद लागून ती पिवळीधमक झाली होती. एक म्हातारी म्हणाली, “हळद लागलेला पलंग हाये, चांगला शकुन हाये.” तिच्यामागचा एकजण म्हणाला, “पलंग कुठं? सरपण हाये. शिस्टरला गंडवलं नेटवाल्यानं.” आणि त्याच वेळी मी जीपमधून उतरलो.

अशा मालाला नॉक-डाउन म्हणतात. पलंग सुटा पाठवतात आणि घरी जोडायचा. सोबत इंग्रजी एल अक्षरासारखी वाकवलेली सळई येते, तिनंच सगळे बोल्ट आवळायचे. हे मला माहीत होतं, पण वाचून. मी सूचनांचा कागद धरून हुकूम सोडू लागलो आणि शिस्टरचे मालक मारुतराव बोल्ट आवळू लागले. पलंग उभा राहिला. उशाची फळी पायाकडं लागली होती. कागद मी उलटा धरला नव्हता, एवढंच माझ्या बाजूनं सांगतो. पुन्हा सगळं खोललं. सरपण म्हणणारा गडी आता एक बाजू धरून उभा होता.

खोलीत एक गोष्ट मला खटकली. सगळीकडं नवी फरशी होती, पण पलंगाच्या कडेला भिंतीलगत एक पट्टा तसाच सोडलेला. नुसती माती, वर शेणानं सारवलेली. मी जाणकारासारखं म्हणालो, “शिस्टर, गवंड्यानं फसवलं वाटतं. फरशी कमी टाकली.”

“असू द्या भाऊ,” त्या म्हणाल्या.

मग धोंडिबामामांना आणलं. किडकिडीत म्हातारा, डोक्याला मळकट मुंडासं, खांद्यावर घोंगडी. पलंगाकडं त्यांनी बाजारात मेंढरू बघावं तसं बघितलं. चारही पाय हातानं हलवले. लाकडावर नख ओढलं. “लाकूड खरं हाये,” म्हणाले. मग बसले. मारुतराव पुढं झाले, शिस्टरनी त्यांना डोळ्यानं थांबवलं.

मामांनी दोन्ही तळवे कडेला टेकले आणि उठले.

 ते परत बसले, परत उठले. जणू पलंगाची नव्हे, गुडघ्यांची परीक्षा चालली होती. मग गालात हसले. “ओट्यावानीच हाये की गं.”

मी निघायच्या तयारीत होतो. माझ्या मते काम झालं होतं. पण शिस्टर म्हणाल्या, “मामा, आता आडवे व्हा.”

म्हाताऱ्याचं हसू गेलं. “दिवसा बसीन. निजणार न्हाई.”

“काहून?”

“काहून म्हणजे? खाटंवर जीव गेला तर?” ते तिच्याकडं न बघता म्हणाले. “माझा बाप भुईवर गेला. आजा भुईवर गेला. तू ड्युटीवर, ह्यो मेंढरामागं. राती काही झालं तर मला खाली कोण घेईल?”

आमच्याकडं माणूस जायला आला की त्याला खाली, भुईवर घेतात. खाटेवर जीव जाऊ देत नाहीत. हे मला ठाऊक होतं, माझ्या आजोबांनाही घेतलं होतं. पण पलंग नेटवर निवडताना ते कुठं मनात येतं? साइटवर लाकूड, रंग, माप, सगळ्याचे रकाने होते. हा नव्हता.

शिस्टर खाली वाकल्या आणि त्या सारवलेल्या पट्ट्यावर हात ठेवला. “मामा, हे काय हाये?”

म्हातारा वाकून बघत राहिला.

“गवंडी फरशी टाकून राहिला व्हता, मी म्हणलं एवढी जागा सोड. तुमच्या उंचीएवढी मापून सोडली. पलंगावरून हात खाली सोडला की भुई लागती. मी नर्स हाये, मामा. माणूस कसा उचलायचा, कसा उतरवायचा, शिकले मी. वेळ आली की माझ्या हातानं खाली घेईन. आणि मी ड्युटीवर असले, तर शेजारच्या काकूला दाखवून ठेवलंय. पण तवर पाणी पिऊन निजायचं.”

मारुतराव दाराकडं तोंड करून उभे राहिले. मी त्या एल आकाराच्या सळईकडं बघत बसलो, जणू तिच्यावर काही लिहिलेलं होतं.

मामांनी घोंगडी पलंगावर अंथरली. हळूच कुशीवर झाले. एक हात कडेवरून खाली सोडला. बोटं मातीला टेकली. थोडा वेळ तसेच राहिले.

“सून मोठी तकलीफ देती,” ते भिंतीकडं तोंड करून म्हणाले. “तांब्या ठेव उशाला.”

पुढं शिस्टर कामानं हिंगोलीला आल्या की दुकानात डोकवायच्या. “मामा कसे हाईत?” मी विचारायचो. “उठतेत की पहाटे, मलाच उठवतेत,” असं उत्तर यायचं. त्यांच्यामुळं सेनगाव तालुक्यातून माझ्याकडं पलंगांची गिऱ्हाइकं सुरू झाली. येताना प्रत्येकजण सुतळी घेऊन यायचा. जयपूरच्या त्या कंपनीनं नंतर साइटवर बसायच्या उंचीचा रकाना टाकला. तो आमच्यामुळंच टाकला असं मी सगळ्यांना सांगतो. पुरावा नाही.

मामा त्या पलंगावर बरीच वर्षं निजले. गेले तेव्हा शिस्टर घरी होत्या. त्यांनी त्यांना वेळेवर खाली घेतलं.

एवढ्या वर्षांच्या धंद्यातून फर्निचरबद्दल मला कळलं ते इतकंच. लांबी-रुंदी सगळेच बघतात. उंची विचारा, आणि ती कुठपर्यंतची, तेही विचारा. लाकूड भरीव आहे का, ते लेखी घ्या. आणि ज्याच्यासाठी घेताय तो माणूस कुठून सहज उठतो, ते आधी चार दिवस बघा.

हे मी दुसऱ्यांना सांगतो. आमच्या घरी मात्र आरशाचा बॉक्स बेड आहे, गादीसकट दोन फूट. तो मी पसंत केला होता. हल्ली माझेही गुडघे कुरकुरतात. उतरताना आधी डावा पाय सोडतो, मग अंदाज घेतो, मग बायकोला हाक मारतो. ती हात देते आणि रोज तेच विचारते, “बोर्डावर ‘सर्व’ लिहिलं होतं ना हो?”