एकावरच आसा

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. माहेरी बहिणीला नाही, देवळात डोळे मिटून उभी राहिले तेव्हाही नाही – तिथेही मी दुसरंच काहीतरी बोलून परत आले. तुम्हाला लिहून सांगते, कारण तुम्ही मला ओळखत नाही. आणि सांगायला घेतलं तरी सुरुवात कुठून करू? मोटारसायकलच्या एका सुट्या भागापासून? ऐकायला किती फालतू वाटतं. क्लचचा लिव्हर. डाव्या हाताने ओढतात तो.

आम्ही डिचोलीजवळ मुळगावला राहतो. मी घरी ब्लाउज शिवते. माझे घरवाले, दिगंबर, तेव्हा खाणीवर टिप्पर दुरुस्त करायचे, पण जीव सगळा आपल्या मोटारसायकलवर. लांबच्या प्रवासाची मोठी गाडी, दोन्ही बाजूंना पेट्या लावलेली. सुट्टी आली की हे आणि इब्रामपूरचे त्यांचे मित्र, उल्हासभावजी, निघालेच – आंबोली, गोकर्ण, हंपी. मी घरी. सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, शिवायला आलेली कापडं पडलेली. मी कधी तक्रार केली नाही. केली असती तर? निदान ते भांडण तरी उघड झालं असतं.

एका उन्हाळ्यात कौलं परतताना हे शिडीवरून पडले. डावं मनगट मोडलं, आत प्लेट घालावी लागली. पुढचे कितीतरी महिने हे घरात.

आता लिहिते ते लिहिताना हात थांबतोय. ते महिने माझ्या संसारातले सगळ्यात सुखाचे होते. सासूबाई त्याआधीच गेल्या होत्या. घरात आम्ही दोघंच. हे माझ्या मशीनजवळ बसायचे, एका हाताने भाजी निवडायचे, खाणीवरच्या मुकादमाची नक्कल करून मला हसवायचे. संध्याकाळी पाववाला पोदेर आला की गरम उंडे, आमचे गोल पाव, घ्यायला हे स्वतः फाटकापर्यंत जायचे. त्यांचं हाड मोडलं आणि मला नवरा मिळाला – असं मनात यायचं. आणि त्याची लाजही वाटायची नाही.

हात सुधारला. पण बोटं पूर्वीसारखी लांब पसरत नव्हती, गाडीचा लिव्हर त्यांना दूर पडायचा. उल्हासभावजींनी ऑनलाइन एक स्वस्तातला लिव्हर मागवून दिला, जवळ-लांब करता येणारा. मुळाशी छोटी चकती, तिच्यावर एक ते सहा आकडे. एकावर ठेवला की मुठीच्या अगदी जवळ, सहावर नेला की लांब.

तो मीच बसवला. खरंच. मशीन उघडून तेल घालायची मला सवय, आणि यांना एका हाताने जमेना. अंगणात गोणपाट घातलं. हे सांगत गेले, मी करत गेले – आधी वायर सैल कर, मग खालचा नट काढ, बोल्ट वर ओढ. जुन्या लिव्हरमधली पितळेची नळी काढून नव्यात घातली. भोक जरा घट्ट होतं, स्वस्ताचा माल. कानशीने हलकेच घासलं, ग्रीस लावलं, वायरीचं टोक खाचेत अडकवलं. शेवटी त्यांनी मला दाखवलं – लिव्हर पुढे ढकलून धरायचा आणि चकती फिरवायची. आकडे बारीक, चष्म्याशिवाय त्यांना दिसत नव्हते. मीच एकावर आणून ठेवली. त्यांनी मूठ मिटली, लिव्हर आत आला. माझ्याकडे असे बघून हसले की काय सांगू.

त्या दिवशी मलाही आनंदच झाला होता. हे खोटं नाही. पण पुढच्याच रविवारी हे इब्रामपूरला गेले आणि दिवेलागणीला परतले ते कच्छचं रण घेऊनच. पांढऱ्या मिठाचं रण, दिवाळीनंतर जायचं, उल्हासने रस्ता बघून ठेवलाय. मशीनजवळची खुर्ची रिकामी राहू लागली. मुकादमाची नक्कल आता उल्हासभावजी ऐकत असतील.

सांगते. किती फिरवणार अजून?

एका सकाळी अंगण झाडताना मी गाडीपाशी थांबले. हे आंघोळीला गेले होते. मी लिव्हर पुढे ढकलला आणि चकती एकावरून दोनवर नेली. का? त्या क्षणी मलाही नीट ठाऊक नव्हतं. संध्याकाळी हे डावा हात झटकत घरात आले. काही दिवसांनी मी ती तीनवर नेली. मग चारवर.

यांना वाटलं, हात मागे जातोय. रबरी चेंडू दाबदाबून मनगट सुजवून घेतलं. डॉक्टरांनी फोटो काढून सांगितलं, हाड उत्तम जुळलंय. ते यांना पटेना – डॉक्टर आपल्यापासून काही लपवतात असं म्हणू लागले. लपवणारी त्यांना शेकून तेल लावत होती.

एकदा मात्र त्यांना शंका आली. गाडीवर बसल्या बसल्या त्यांनी मला हाक मारली.

"चकती बघ गो जरा. एकावरच आसा मगो?"

मी वाकले. चार आकडा माझ्या डोळ्यांसमोर होता.

"एकावरच आसा," मी म्हटलं.

त्यांनी पुन्हा विचारलं नाही. माझ्या शब्दावर विश्वास ठेवायला त्यांना एक क्षणही लागला नाही.

त्याच आठवड्यात डिचोलीच्या बाजारात, चढावर, यांना लिव्हर वेळेवर ओढता आला नाही. गाडी उसळली आणि आडवी झाली. लागलं नाही फारसं, पण भाजीवाल्या बायकांनी धरून उठवलं. घरी आले, पायरीवर बसले. "हात मेलो गो माझो," एवढंच म्हणाले.

तेव्हा तरी बोलायचं होतं. बोलले असते तर चार शब्दांचं काम होतं. मी काय केलं? उल्हासभावजी दुसऱ्या दिवशी गाडी बघायला येणार होते. हे पडून होते. मी अंगणात गेले आणि चकती परत एकावर आणून ठेवली.

भावजींनी गाडी देवळापर्यंत फिरवून आणली. लिव्हर दोनदा ओढून बघितला. "क्लच लोण्यासारको आसा रे, दिगू," म्हणाले, आणि लिव्हरवरचा हात काढून घेतला, कारण त्याचा अर्थ काय ते दोघांनाही कळलं. दोष गाडीचा नव्हता. यांनी मान हलवली. मी आतून चहा आणला.

दिवाळीनंतर गाडी विकली. भावजी एकटेच कच्छला गेले, तिथून फोटो पाठवले. हे ते उजव्या बोटाने मोठे करून बघत बसायचे. चेंडू दाबणं सोडलं. मी सांगायचे, व्यायाम करा – तोंडाने सांगायचे. मेलेल्या हाताला कसला व्यायाम, म्हणायचे. आणि तो चांगला हात, वापरलाच नाही म्हणून, खरोखरच आखडत गेला. आज त्या हाताने पाण्याचा पेला उचलत नाही. डॉक्टर म्हणतात, आता उशीर झाला.

हे घरी असतात. मला हवे होते तसे, दिवसभर. पण मशीनजवळ बसत नाहीत. मागच्या पडवीत बसतात, आणि मुकादमाची नक्कल मी पुन्हा कधी ऐकली नाही. गावात मला नाव आहे – नवऱ्याचं किती करते. मी ते ऐकून घेते.

सकाळी त्यांच्या शर्टाची बटणं मीच लावते. परवा लावताना ते म्हणाले, "तू नसतीस तर माझा काय झाला असता गो?"

काय झालं असतं, ते मला ठाऊक आहे. मी कॉलर सरळ केली आणि चुलीकडे गेले.